बर्नहॅमचे छाटलेले बीच

इंग्लंडमधल्या बर्नहॅम बीचेस या बीच वृक्षांच्या रानात जायचं तर ऑक्टोबर संपता संपता जावं, असं ताई फोनवर नेहमी सांगायची. ताई म्हणजे माझी आतेबहीण. ती स्लाऊला राहते. तिच्या घरापासून फार्नहॅम कॉमन हे गाव गाडीने पाव तासाच्या अंतरावर आहे आणि गावाची शेवटची घरं मागे पडली की रानच सुरू होतं. लंडन इथून जेमतेम चाळीस किलोमीटर. रानाचा आकारही मोठा नाही, सुमारे २२० हेक्टर. आपल्याकडच्या एखाद्या अभयारण्याचा कोपरा म्हणावा एवढंच. पण इथे जुन्या झाडांची जी दाटी आहे, ती युरोपात फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

लॉर्ड मेयर्स ड्राइव्ह नावाच्या रस्त्याने आम्ही आत शिरलो. वर दोन लाल घारी फिरत होत्या, दुभंगलेली शेपटी उन्हात तांबूस दिसत होती. इंग्लंडमधून हा पक्षी एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला होता. १९८९ ते १९९४ या काळात स्पेनमधून पिल्लं आणून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडली, आणि आता स्लाऊच्या छपरांवरूनही ती घिरट्या घालतात. भाच्याला त्यांचं काहीच अप्रूप नाही. तो जन्मल्यापासून रोज पाहतो आहे.

मग पहिलं जुनं झाड समोर आलं आणि मी थांबलोच. बीचचं झाड म्हणजे सरळसोट, गुळगुळीत करड्या सालीचा खांब, अशी माझी कल्पना होती. तशी झाडंही इथे आहेत. पण हे झाड बुटकं होतं. माणसाच्या डोक्याहून थोड्या उंचीवर त्याचं खोड एकदम फुगलेलं, गाठीगाठींचं, आणि त्या गाठींतून एकेक स्वतंत्र वृक्ष शोभावा अशा जाडजूड फांद्या वर गेलेल्या. खोड आतून इतकं पोकळ की भाचा सहज आत उभा राहिला.

इगतपुरी-पेठकडे ज्यांनी राबासाठी टाहाळ तोडलेले ऐन पाहिले आहेत, त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. तिथे भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजायला फांद्या तोडतात, इथे चुलीसाठी तोडत. खाली गुरं, घोडी, डुकरं चरायची. बुंध्यापासून तोडलं तर नवे कोंब जनावरं फस्त करणार, म्हणून त्यांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर घाव घालायचा. काही वर्षांनी फांद्या जळणाजोग्या झाल्या की पुन्हा त्याच ठिकाणी तोडायच्या. शेकडो वर्षं हे चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी कोळसा स्वस्त झाला आणि कुऱ्हाड थांबली.

या छाटणीनेच झाडांना आयुष्य दिलं. मोकळा वाढलेला बीच अडीचशे-तीनशे वर्षांत थकतो. डोकं जड होतं, मुळं उथळ असतात, वादळात तो कोसळतो. छाटलेलं झाड मात्र ठेंगणं राहतं, दर छाटणीला नवा पाला धरतं आणि चारशेच्या पुढे जातं. यांतली सर्वांत जुनी झाडं शिवजन्माच्या वेळीही इथे उभी असावीत. माणसाचा हात लागला की रान बिघडतं, हे आपण लहानपणापासून इतकं ऐकलेलं असतं की या झाडापुढे उभं राहून मला तो विचार नव्याने करावा लागला. शेतकऱ्यांनी जळणासाठी केलेल्या जखमा कुजल्या, त्यांतून ढोल्या झाल्या आणि त्या ढोल्यांत इथली सगळ्यांत दुर्मीळ वस्ती राहते.

उदाहरणार्थ, एक शेवाळ. झाडाच्या दुबेळक्यात किंवा गाठीच्या भोकात पावसाचं पाणी साचतं आणि ते भरून सालीवरून ओघळतं. त्या ओघळाच्या कडेला हे नखाएवढं हिरवं शेवाळ उगवतं. ब्रिटनमध्ये ते बर्नहॅम बीचेस, एपिंग फॉरेस्ट आणि न्यू फॉरेस्ट अशा मोजक्याच जागी सापडतं आणि तिन्ही ठिकाणी जुने बीच आहेत. खोडाच्या आतल्या भुशात भुंगेऱ्यांच्या अळ्या वर्षानुवर्षं वाढतात. वरच्या भोकांत वटवाघळं, घुबडं आणि सुतार पक्षी राहतात. मँडरीन नावाची रंगीबेरंगी बदकंसुद्धा झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. ही मूळची पूर्व आशियातली. हौशी लोकांच्या तळ्यांतून सुटली आणि इथलीच झाली. आम्हाला ती तळ्याच्या कडेने बीचच्या बिया टिपताना दिसली.

"मामा, हे बघ, काचेचं!" भाचा ओरडला. आडव्या पडलेल्या एका फांदीवर पांढऱ्या अळंब्यांचा झुबका होता. छत्र्या पातळ, ओल्या, चिकट, आणि उन्हाकडे धरल्यावर पलीकडचं बोट दिसेल इतक्या पारदर्शक. ही बीचवरची पोर्सिलेन अळंबी. मेलेल्या बीचवर ती शरदात हमखास येते आणि बहुतेकदा तिच्या फांदीवर दुसरी बुरशी फारशी दिसत नाही, कारण ती स्वतःजवळ एक विष बाळगते. त्या विषाने इतर बुरशींच्या पेशींचं श्वसन बंद पडतं.

माझं घर निफाड तालुक्यातलं आणि भावाची द्राक्षबाग आहे, म्हणून मी त्या झुबक्यापुढे बराच वेळ बसून राहिलो. हे विष म्हणजे स्ट्रोबिल्युरिन. पाइनच्या कुजलेल्या शंकूंवर उगवणाऱ्या एका लहानशा अळंबीतून जर्मन शास्त्रज्ञांनी ते १९७७ साली वेगळं केलं. या पोर्सिलेन अळंबीतही तेच द्रव्य आहे. निसर्गातलं मूळ द्रव्य उन्हात टिकत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलून टिकाऊ रेणू बनवले आणि १९९६ च्या सुमारास अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक बाजारात आलं. केवडा आणि भुरी या द्राक्षांवरच्या रोगांसाठी आमच्याकडचा प्रत्येक द्राक्ष बागायतदार हे नाव जाणतो. भावाच्या फवारणीच्या वहीत ते दरवर्षी असतं. पडलेलं लाकूड उचलून नेलं, रान "स्वच्छ" केलं, तर अशा अळंब्यांना घर कुठलं? इथे ते उचलत नाहीत. मेंडेल्सन हा जर्मन संगीतकार ज्याच्या सावलीत बसायचा असं सांगतात, तो बीच १९९० च्या वादळात पडला. असे पडलेले वृक्षही या रानाच्या कामाचेच आहेत.

त्या वर्षी बीचला भरघोस बिया धरल्या होत्या. चार पाकळ्यांनी उकललेलं काटेरी कवच आणि आत तीन धारांच्या तपकिरी बिया, पायाखाली नुसता चुरचुराट. बीच दरवर्षी असा फळत नाही. काही वर्षं हात आखडतो आणि मग परिसरातली सगळी झाडं एकदम बहरतात. बिया इतक्या पडतात की खाणाऱ्यांना त्या संपवता येत नाहीत, आणि उरलेल्यांतून रोपं उगवतात. उष्ण होत चाललेल्या उन्हाळ्यांमुळे झाडांमधला हा मेळ बिघडतो आहे, असं इंग्लंडमधल्याच बीचवरच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं आहे, आणि मला ती बातमी फार काळजीची वाटते. या बियांवर किती जणांचा हिवाळा निघतो! चॅफिंचचे थवे पाचोळा उलटत होते. स्कँडिनेव्हियातून येणारे त्यांचे भाऊबंद ब्रॅम्बलिंगही याच बियांसाठी हिवाळ्यात उतरतात. एक शिलींध्री खोडावरून उलटी उतरत आली, सालीच्या फटीत बी अडकवलं आणि चोचीने ठोकून फोडलं.

परतीच्या वाटेवर हॉलीच्या जाळीतून भुंकण्याचा आवाज आला. ताईला कुत्रा वाटला. मी म्हटलं, "ताई, हे भेकर आहे." थोड्याच वेळात ते वाट ओलांडून गेलं, आपल्या भेकरापेक्षा लहान, पाठ कमानदार. हे चिनी भेकर. बेडफर्डच्या ड्यूकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते आपल्या वोबर्नच्या उद्यानात आणलं, तिथून सुटलेले आणि सोडलेले प्राणी दक्षिण इंग्लंडभर पसरले. सह्याद्रीतला आवाज इथे ऐकून मला आनंद झाला खरा, पण हा प्राणी इथल्या रानाला जड जातो. रोपं आणि ब्लूबेलची फुलं तो खातो आणि त्याला खाणारं इथे कोणी नाही. अमेरिकेतून आणलेली करडी खार तरुण बीचची साल सोलते, तो त्रास वेगळाच.

१८७९ मध्ये ही जमीन बंगले बांधायला योग्य म्हणून विक्रीला निघाली होती. लोकांनी आवाज उठवला आणि १८८० साली सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने ती सर्वांसाठी विकत घेतली. शहराच्या कारभाऱ्यांनी शहराबाहेरचं रान घ्यावं आणि आजवर सांभाळावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. सांभाळणं सोपं नाही. दोनशे वर्षं न छाटलेल्या फांद्या आता इतक्या जड झाल्या आहेत की खोड फाटतं, आणि एकदम छाटल्या तर म्हातारं झाड मरतं. म्हणून वर्षं मध्ये ठेवून थोडंथोडं उतरवतात. भोवती दाटलेले बर्च आणि हॉली काढून उजेड देतात. गुरं आणि घोडी पुन्हा चरायला सोडली आहेत. कुंपणाऐवजी गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो, हद्द जवळ आली की तो वाजतो.

वाटेतल्या एका कर्मचारी बाईंशी ताईने बोलणं काढलं. त्यांची खरी चिंता वेगळी होती. दोन शतकं नवी झाडं कोणी छाटलीच नाहीत, त्यामुळे म्हाताऱ्या झाडांच्या आणि तरुणांच्या मध्ये एक पिढीच नाही. म्हातारी झाडं गेली तर भुंगेरे, शेवाळं, वटवाघळं जाणार कुठे? म्हणून आता तरुण बीच आणि ओक मुद्दाम छाटून तयार करत आहेत. त्यांनी आम्हाला तसं एक दाखवलं. मनगटाएवढ्या फांद्या, ताज्या गाठी, ढोलीचा पत्ता नाही. ती व्हायला अजून शंभर-दोनशे वर्षं लागतील.

जाणार असाल तर जाड तळाचे बूट घाला, सकाळी लवकर पोचा आणि ड्रुइड्स ओक चुकवू नका. तो बीच नाही, सुमारे आठशे वर्षांचा ओक आहे. त्याच्याभोवती कुंपण आहे. बीचच्या म्हाताऱ्या झाडांना कुंपण नसलं तरी बुंध्याजवळ जाऊ नका. मुळं पाचोळ्याखाली अगदी वर असतात आणि तुडवलेल्या मातीत त्यांना हवा-पाणी मिळत नाही. भाच्याला पोकळ खोडात उभं राहू दिलं, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. ब्लूबेल पाहायचे असतील तर एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, बीचचा पाला दाट होऊन खाली अंधार पडायच्या आत.