हेडिंग्लीच्या पाठीमागे

आज लीड्सला हेडिंग्लीत जाऊन आले. डोक्यात क्रिकेटच. त्याच स्टँडच्या पाठीला पाठ लावून रग्बी लीगचं, म्हणजे तेरा-तेरा जणांच्या रग्बीचं मैदान आहे, हे आपल्याला कोण सांगतं!

तिथल्या लीड्स ऱ्हाइनोज संघाचा एकेकाळचा कर्णधार केव्हिन सिनफिल्ड. चेंडू लाथेने खांबांमधून धाडायचा, त्या एका गोल-किकचे जेमतेम 2 गुण, पण मुख्यतः तेच वेचत गडी 4,000च्या पुढे गेला. 7 ग्रँड फायनल, म्हणजे लीगचा विजेता ठरवणाऱ्या लढती, जिंकल्या. चॅलेंज कप ही बाद फेरीची स्पर्धा मात्र 5 फायनल हरल्यावर, 2014ला एकदाचा हाती लागला.

रात्री 2023च्या लीड्स मॅरेथॉनची क्लिप पाहिली. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मोटर न्यूरॉन आजाराने खिळलेल्या जुन्या सहकाऱ्याची, रॉब बरोची खुर्ची सिनफिल्ड ढकलत आणतो. रेषेच्या अलीकडे थांबतो, वाकतो, त्याला दोन्ही हातांवर उचलून घेतो.

चहा गार झाला माझा.