खेकडा लॉग ३ : मोटरचा घोळ आणि चंद्राचा मोह

तर मंडळी, दोन्ही खेकडे जिवंत आहेत, गिरणा नदीच्या डोहातले तेच, मोठा ४२ ग्रॅमचा आणि धाकटा ३१ चा. दिवसाच्या कोणत्या वेळी ते किती श्वास घेतात ते मोजतोय. मांडणी मागच्यासारखीच, प्रत्येकाला दोन लिटरची झाकणबंद बरणी, झाकणातून ऑक्सिजन मोजणारा प्रोब आणि एअर पंपाची नळी, दर दोन तासांनी रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, पंप बंद करतो, अर्ध्या तासात ऑक्सिजन किती उतरला ते लिहून घेतो, की परत पंप चालू.

नवीन लोकांनो, शेजारी नुसत्या पाण्याची तिसरी बरणी ठेवाच. मी पहिले चार दिवस विसरलो अन् पोपट झाला. आपल्याकडचा एप्रिल, खोली दुपारी ३७ ला जाते, पहाटे २८, आणि २५ अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो तोच ३५ ला ७ च्या खाली, शिवाय गरम पाण्यात जिवाणूपण जास्त खातात. म्हणजे ग्राफमध्ये जो खेकडा रोज दुपारी धापा टाकत होता तो खेकडा नव्हताच, पाणी होतं. आता तिन्ही बरण्या अर्ध्या भरलेल्या टिपाडात बुडवून ठेवल्यात, तापमान २९ ते ३१ मध्ये राहतं. आजी रोज येऊन विचारते, "हाई काय शे रे भाऊ?" काय सांगणार, खेकड्याचा श्वास मोजतोय म्हटल्यावर ती कालवणाचंच विचारते.

नुसत्या पाण्याच्या बरणीचा आकडा वजा केल्यावर मात्र मजा आली. मोठा दुपारी अर्ध्या तासात लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम खातो, रात्री अकराला ०.७. थंड रक्ताच्या प्राण्याचा ऑक्सिजनचा खर्च दहा अंश वाढले की साधारण दुप्पट होतो, त्या हिशोबानं टिपाडाच्या आधीच्या दिवसांत तरी दुपार जड निघायला पाहिजे होती, पण तेव्हाही रात्रच जड. रात्री फिरणारा प्राणी आहे, दिवसा दगडाखाली गप.

मग मोटरचा घोळ. दर तिसऱ्या दिवशी पहाटे चारला रीडिंग एकदम १.१, दोन्ही बरण्यांत. मी वहीत मोठ्या अक्षरात "७२ तासांची लय???" असं लिहिलं, लाल पेनानं. आईनं वही बघितली अन् म्हणाली, अरे त्या दिवशी नळ येतात ना. टिपाडाला लागून भिंत, भिंतीपलीकडं मोटर, ती चालू झाली की खेकडे घाबरून धावतात, बास. आता टिपाडाखाली सायकलची जुनी ट्यूब हवा भरून ठेवलीय.

यानंतर, लय खेकड्याच्या आतली की उजेडामुळं ते बघायला, नऊ दिवस पूर्ण अंधार, काळं कापड, खाणं वेगवेगळ्या वेळी अन् तेही मंद लाल दिव्यात. मोठ्याचं शिखर रोज उशिरा सरकत गेलं, अकरावरून नवव्या दिवशी पहाटे साडेपाचच्या आसपास, म्हणजे दिवसाला सुमारे ५० मिनिटं. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा, अन् भरती-ओहोटी त्याच्याच तालावर! तापी सुरतेकडं समुद्राला मिळते, गिरणा तापीला मिळते, माझं डोकं कुठं कुठं गेलं ते विचारू नका, रात्री झोपच नाही.

फ्रँक ब्राऊन हा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ आठवला, ज्यानं १९५४ मध्ये कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरचे ऑयस्टर (शिंपल्यातले जीव) समुद्रापासून लांब इलिनॉयला नेले, आणि पंधरवड्यात ते तिथल्या चंद्राच्या वेळेला उघडायला लागले असं सांगितलं. पण १९५७ ला लामाँट कोल या दुसऱ्या शास्त्रज्ञानं नुसते रँडम आकडे तसल्याच पद्धतीनं घोळवून युनिकॉर्नच्या, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या एकशिंगी घोड्याच्या, चयापचयाची लय काढून दाखवली! मीपण शीटमध्ये रँडम आकडे टाकले, दोनदा सरासरी फिरवली, अन् गुळगुळीत डोंगर आला, माझ्या खेकड्यापेक्षा देखणा. वर दोन-दोन तासांच्या ठिपक्यांतून रोजची ५० मिनिटं काढतोय मी.

खरा निकाल धाकट्यानं दिला. त्याचं शिखर रोज वीसेक मिनिटं अलीकडं येत गेलं. खोली तीच, टिपाड तेच, चंद्रही तोच. म्हणजे अंधारात ज्याचं त्याचं घड्याळ आपापल्या चालीनं पळतंय, एक थोडं मागं एक थोडं पुढं, एवढंच.

भरतीचं घड्याळ नसतंच असं नाही हां. युरिडायसी पुल्क्रा नावाचा किनाऱ्याच्या वाळूतला छोटा जीव आहे, त्याचा रोजचं घड्याळ चालवणारा पिरियड नावाचा जीन २०१३ च्या प्रयोगात दाबला तर रोजची लय बिघडली पण भरतीच्या तालावरचं १२.४ तासांचं पोहणं चालूच राहिलं. पण तो भरती-ओहोटीत राहतो, माझे गिरणेत.

मोठ्यानं सोमवारपासून खाणं सोडलंय, कात टाकणार बहुतेक, म्हणून त्याला बरणीतून काढून मोठ्या टाकीत दगडाखाली सोडला. धाकटा चालू आहे. उद्या पहाटे नळ येणारेत, बघू ट्यूब किती झेलते.