पाच बॅनर, सहा नारळ

2025 च्या 7 फेब्रुवारीला इंडियाना विद्यापीठाने जाहीर केलं की पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक माइक वुडसन हंगाम संपल्यावर पायउतार होणार. शुक्रवार होता. आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर बातमी पोचली, पण धक्का कुणालाच बसला नाही. दोन मिनिटं "बरं झालं" आणि "बिचारा" झालं आणि गाडी लगेच "आता कोण?" वर गेली. पायउतार ही आपली सभ्य भाषा. नारळ दिला होता, हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळत होतं.

मी राहते कोलंबसला. ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे, इंडियानातलं, पन्नास हजार वस्तीचं. कमिन्सचं मुख्यालय इथे असल्यामुळे कोथरूडमधून थेट इथे येऊन पडलेली घरं बरीच आहेत. आरतीला जमलेल्या घोळक्यात कान दिला तर निम्मे पुरुष इंजिनांबद्दल बोलत असतात आणि उरलेले बास्केटबॉलबद्दल. घाट फारसे नसलेल्या या राज्यात 46 नंबरच्या रस्त्याने पश्चिमेला निघालं की ब्राउन काउंटीच्या टेकड्या लागतात, त्या ओलांडल्या की ब्लूमिंग्टन. आमच्यापासून तासाभराची वाट. तिथे विद्यापीठ आहे आणि तिथेच असेम्ब्ली हॉल आहे.

हॉलची आसनसंख्या 17,222. आपल्याकडे कॉलेजच्या संघाचा सामना बघायला खेळाडूंचे आईवडीलही रजा काढून येत नाहीत. इथे मंगळवारी रात्री, जानेवारीच्या बर्फात, हॉल भरलेला असतो. हे वेड कॉलेजात सुरू होत नाही, शाळेतच सुरू होतं. अमेरिकेतली सगळ्यात मोठी शालेय बास्केटबॉल सभागृहं बहुतांशी याच राज्यात आहेत. न्यू कॅसल नावाच्या छोट्या गावातल्या शाळेच्या सभागृहात आठ-नऊ हजार माणसं बसू शकतात.

असेम्ब्ली हॉलच्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की वरच्या रांगेत बसताना मी अजूनही समोरच्या खुर्चीला धरते. खेळाडू सरावाला येतात ते लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या विजारी घालून, आणि जर्सीच्या पाठीवर कुणाचंही नाव नसतं. नाव फक्त संघाचं. एका टोकाला छताखाली पाच बॅनर टांगलेले आहेत: 1940, 1953, 1976, 1981, 1987. ही राष्ट्रीय विजेतेपदं. सामना कंटाळवाणा झाला की लोक वर बघतात. गेली कित्येक वर्षं वर बघण्याची सवयच लागली आहे म्हणा ना.

शेवटची तीन विजेतेपदं बॉब नाइट यांची. 1971 ते 2000 अशी एकोणतीस वर्षं हा माणूस इथे होता. 1976 चा त्यांचा संघ 32 सामन्यांत एकदाही हरला नाही, आणि पुरुषांच्या स्पर्धेत त्यानंतर आजपर्यंत हे कुणाला जमलेलं नाही. खेळाडूंनी वर्गात बसावं, पदवी घ्यावी, याबद्दल ते कडक होते. रागाबद्दल मात्र काहीच कडक नव्हते. 1985 मध्ये पर्ड्यू या राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलून मैदानात भिरकावली. ते चित्रण इथल्या सहा वर्षांच्या पोरालाही पाठ आहे. 2000 मध्ये सरावात एका खेळाडूच्या गळ्याला हात घातल्याचं जुनं चित्रण टीव्हीवर आलं. विद्यापीठाचे अध्यक्ष मायल्स ब्रँड, पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यांनी बजावलं की यापुढे एकही चूक खपवून घेतली जाणार नाही. सप्टेंबरात एका विद्यार्थ्याने नाइटना नुसत्या आडनावाने हाक मारली, नाइटनी त्याचा दंड धरून त्याला वागणुकीचा धडा दिला, आणि 10 सप्टेंबरला त्यांची नोकरी गेली. त्या रात्री हजारो विद्यार्थी अध्यक्षांच्या घरावर चालून गेले. ब्रँड यांचा पुतळा जाळला. मारकुट्या प्रशिक्षकाचा नव्हे, त्याला काढणाऱ्याचा.

त्यानंतर पंचवीस वर्षांत पाच प्रशिक्षक झाले. हंगामी धरले नाहीत. या पाचांची निवड मी एका कागदावर लिहून बघितली तर मला एकच सूत्र दिसलं: थोरला जावई ज्या गुणाचा निघाला, त्याच्या बरोब्बर उलट गुणाचा धाकटा शोधायचा. संघाला काय हवं आहे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. गेल्या खेपेला काय खटकलं, त्याचंच उत्तर म्हणून दर वेळी माणूस आणला.

नाइट यांच्या हाताखालचे माइक डेव्हिस आधी हंगामी म्हणून बसले. 2002 मध्ये त्यांनी संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला, मेरीलँडकडून हरले. पण मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नाही, ही कुरबुर थांबली नाही आणि 2006 मध्ये ते गेले. मग अनुभवी माणूस हवा म्हणून ओक्लाहोमाहून केल्व्हिन सॅम्पसन आले. त्यांच्यावर संघात ओढायच्या शाळकरी खेळाडूंना नियमापेक्षा जास्त फोन केल्याचा ठपका आधीच होता. इथे येऊन त्यांनी पुन्हा तेच केलं, आणि 2008 च्या फेब्रुवारीत साडेसात लाख डॉलर घेऊन राजीनामा दिला. (फोनचे ते नियम पुढे बरेच सैल झाले. सॅम्पसन ह्यूस्टनला गेले आणि 2025 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आम्ही वुडसनना निरोप देत होतो त्याच वसंतात, अंतिम सामना खेळत होते. दोन गुणांनी हरले. आमच्याकडे त्या रात्री टीव्ही लावलेल्यांपैकी निम्म्यांना वाईट वाटलं आणि निम्म्यांना का वाटलं नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही.)

आता स्वच्छ माणूस हवा. टॉम क्रीन आले. मार्केट (Marquette) विद्यापीठातली चांगली चाललेली नोकरी का सोडली असं विचारल्यावर ते म्हणाले, "इट्स इंडियाना." इथे हे वाक्य अजून ऐकवतात, कधी अभिमानाने, कधी कुत्सितपणे. हातात संघच उरला नव्हता. पहिल्या हंगामात 6 विजय आणि 25 पराभव. तिथून त्यांनी संघ उभा केला, 2013 मध्ये आणि 2016 मध्ये बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचं विजेतेपद कुणाशी न वाटून घेता जिंकलं. पण राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांच्या पुढे गाडी जाईना. शिवाय बाजूरेषेवर त्यांची सतत धावपळ, हातवारे, टाळ्या. लोकांना शांत आणि बचाव शिकवणारा माणूस हवासा वाटू लागला. 2017 मध्ये क्रीन गेले, डेटनहून आर्ची मिलर आले. शांत होते, बचावाचं बोलायचे. चार वर्षांत एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत जागा नाही, आणि पर्ड्यूविरुद्ध सातपैकी शून्य. सातपैकी शून्य! यापुढे कुठलंही आकडेशास्त्र चालत नाही.

मिलर यांच्या काळातच, 2020 च्या 8 फेब्रुवारीला, बॉब नाइट हकालपट्टीनंतर पहिल्यांदा असेम्ब्ली हॉलमध्ये परतले. मध्यंतरात जुन्या खेळाडूंच्या खांद्याचा आधार घेत आले, माणसं रडली. सामना पर्ड्यूने जिंकला. त्या दिवसानंतर "आपला माणूस" हवा ही मागणी जोरात सुरू झाली, आणि 2021 मध्ये तो मिळाला: माइक वुडसन. नाइट यांच्या संघात खेळलेले, पुढे अटलांटा आणि न्यू यॉर्कच्या एनबीए, म्हणजे व्यावसायिक लीगमधल्या, संघांचे प्रशिक्षक.

मिलरना काढण्याचा खर्च एक कोटी डॉलरहून अधिक आला. कराराची वर्षं शिल्लक होती, ती भरून द्यावी लागली. हा पैसा विद्यार्थ्यांच्या फीमधून नाही, खासगी देणगीदारांकडून आला असं विद्यापीठाने सांगितलं, आणि लोकांचं समाधान झालं. माझं उलट झालं. विद्यापीठाच्या तिजोरीतून गेला असता तर कुणीतरी हिशोब मागितला असता. इथे देणारा स्वतःच चाहता आहे. तोही खालच्या रांगेत बसून "याला काढा" म्हणतो, फरक एवढाच की त्याच्या खिशात चेकबुक आहे. वरच्या रांगेतला ओरडतो आणि खालच्या रांगेतला सही करतो, म्हणून वरच्याला वाटतं आपल्या ओरडण्याने प्रशिक्षक गेला. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा कॉलेजच्या (अमेरिकन) फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. राज्यपालाचा पगार त्याच्यापुढे किरकोळ.

आमच्या शेजारी एक निवृत्त गणिताचे शिक्षक राहतात. सामना असला की ते टीव्हीचा आवाज बंद करतात आणि रेडिओ लावतात, कारण डॉन फिशर 1973 पासून इंडियानाचं समालोचन करतात आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना हा खेळ समजत नाही. गंमत अशी की रेडिओ टीव्हीच्या दोन-चार सेकंद पुढे असतो. त्यामुळे पडद्यावर चेंडू अजून खेळाडूच्या हातात असतो आणि हे आधीच कपाळाला हात लावून बसलेले असतात. मग चेंडू सुटतो, रिंगला लागतो, बाहेर. त्यांच्यासोबत सामना बघणं म्हणजे निकाल माहीत असलेला चित्रपट बघणं. एकदा मी विचारलं, संघ दरवर्षी स्पर्धेत गेला आणि कधीतरी शेवटच्या आठांत पोचला, एवढ्यावर भागेल का? त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. "अगं, ते दुसऱ्यांनी करायचं," म्हणाले.

वुडसनची सुरुवात बरी झाली. पहिल्या दोन्ही वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि, मुख्य म्हणजे, पर्ड्यूला हरवलं. पण खेळ जुन्या वळणाचा: दोन उंच खेळाडू रिंगखाली, तीन गुणांचे फटके कमी. बाकी जग लांबून मारत होतं. त्यात खेळाडूंना आता उघडपणे पैसे मिळतात आणि ते दरवर्षी संघ बदलू शकतात, त्यामुळे "संघ घडायला वेळ लागतो" ही प्रशिक्षकाची जुनी ढाल गेली. वर फुटबॉलने घात केला. इंडियानाचा फुटबॉल संघ तोवर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची चेष्टा. 2024 च्या हंगामासाठी कर्ट सिग्नेटी नावाचे नवे प्रशिक्षक आले आणि पहिल्याच वर्षी संघ राष्ट्रीय प्लेऑफमध्ये नेला. मग बास्केटबॉलवाल्यांना चार वर्षं कशाला हवीत?

14 जानेवारी 2025 ला इलिनॉयविरुद्ध मी हॉलमध्ये होते. मध्यंतरालाच सामना संपल्यात जमा होता, शेवटी 94-69. आधी हुर्यो झाली, मग "फायर वुडसन"चा घोष सुरू झाला. माझ्या पुढच्या रांगेत पट्ट्यांच्या विजारीतला दहाएक वर्षांचा मुलगा बापाकडे बघत होता, ओरडू का म्हणून. बापाने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही, पण मुलगा ओरडला. खाली उभा असलेला माणूस याच मैदानावर नाइटसाठी चार वर्षं खेळला होता.

आणि मग काय व्हावं? जाण्याची घोषणा झाल्यावर चार दिवसांत संघाने मिशिगन स्टेटला त्यांच्या घरी हरवलं. 23 फेब्रुवारीला पर्ड्यूला इथे 73-58 ने लोळवलं. सहा आठवड्यांपूर्वी हुर्यो करणारा हॉल वुडसनसाठी उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझ्या मते त्यात ढोंग अजिबात नव्हतं. माणूस जाणार हे पक्कं झालं की त्याच्यावर प्रेम करायला लोकांना मोकळीक मिळते.

पर्ड्यूचं उदाहरण मी ऑफिसात जपून काढते, कारण टेबलावरचे निम्मे तिथलेच. 1980 पासून त्यांचे प्रशिक्षक दोनच: जीन कीडी आणि 2005 पासून मॅट पेंटर. पेंटर यांचा संघ 2013 आणि 2014 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पोचलाही नाही. 2023 मध्ये अव्वल मानांकन असताना सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरला. इथे असते तर त्याच रात्री सामान बाहेर आलं असतं. तिथे ते टिकले, आणि पुढच्याच वर्षी संघ अंतिम सामन्यात होता. याला पर्ड्यूवाले संयम म्हणतात. आमचे शेजारी म्हणतात, त्यांच्या छताला पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या विजेतेपदाचा एकही बॅनर नाही, त्यांना कशाची घाई? दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच मला पेंटरची गोष्ट इंडियानाला उपदेश म्हणून सांगावीशी वाटत नाही.

हंगाम संपला तेव्हा वुडसनच्या इंडियानाचे 19 विजय आणि 13 पराभव होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या 68 संघांत जागा मिळाली नाही, अगदी थोडक्यात हुकली. त्याच दिवशी तशीच थोडक्यात हुकलेला आणखी एक संघ म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया. तिथले राज्यपाल इतके चिडले की दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन चौकशीची भाषा करू लागले. त्याच्या दुसऱ्या दिवशी, 18 मार्चला, वेस्ट व्हर्जिनियाचे प्रशिक्षक डॅरियन डेव्ह्रीस इंडियानाचे झाले. तिथे ते एकच वर्ष होते. त्याआधी ड्रेक या छोट्या विद्यापीठात त्यांनी सहा वर्षं उत्तम काम केलं होतं. त्यांच्या वेस्ट व्हर्जिनियाचा त्या हंगामाचा हिशोब: 19 विजय, 13 पराभव.

ते बाहेरचे आहेत, एनबीएशी संबंध नाही, आणि त्यांचे संघ लांबून भरपूर मारतात. वुडसनच्या उलट, हे सांगायला नकोच. आमचे शेजारी खूश आहेत. पर्ड्यूवाल्यांनी ऑफिसात पैज ठेवली आहे, चार वर्षं, जेवढी मिलरना मिळाली आणि जेवढी वुडसनना. इंडियानावाल्यांपैकी अजून कुणी ती घेतलेली नाही.