अंगठ्यातलं कुसळ

परवा जुन्या खुर्चीचा हात पुसताना अंगठ्यात लाकडाचं कुसळ गेलं. काढू काढू म्हणत राहूनच गेलं. आज दुपारी बघतो तर तिथे ठसठसणारी पिवळसर पुटकुळी. सुई घेऊन खिडकीपाशी उजेडात बसलो आणि कुसळ दिसायच्या आधी आठवला तो अमिबा.

शाळेत अमिबाची आकृती हा माझा हातखंडा. एरवी चित्रकलेत मी ढ. घोडा काढला की लोक विचारत, "हे काय आहे?" अमिबाला असं विचारायची सोय नाही. रेघ हवी तशी वळवायची, शेवटी टोकं जुळली की झालं. 1755 साली रोझेल या जर्मन चित्रकारानं तो पहिल्यांदा कागदावर उतरवला म्हणतात. खोडरबर तेव्हा निघायचं होतं, पण त्याचं काही अडलं नसणार.

तरी माझा एक गुण गेलाच. मी अमिबाला तोंड काढलं होतं. जेवतो म्हणजे तोंड नको? बाईंनी लाल शाईनं त्यावर फुली मारली. फुली बरोबर होती. भक्ष्य लागलं की अमिबाचं अंगच छद्मपाद, म्हणजे खोटे पाय, होऊन दोन्हीकडून पुढे सरकतं, मिठी मिटते आणि थोड्या पाण्यासकट घास आत. लागेल तिथे तोंड, काम झालं की तोंड गायब. आतल्या बुडबुड्यात, म्हणजे अन्नरिक्तिकेत, विकरं, म्हणजे अन्न पचवणारी द्रव्यं, उतरतात, विरघळलेलं पेशीद्रवात झिरपतं आणि चोथा मागे टाकून स्वारी पुढे. "नीट चावून खा" हे त्याला कुणी सांगितलं नाही. मला रोज सांगायचे. मी अजून गिळतोच.

पॅरामेशियम हा दुसरा एकपेशीय जीव त्यामानाने शिस्तीचा. तोंडाची जागा ठरलेली, चोथा टाकायचीही ठरलेली. बाईंनी एकदा त्याला काँगो रेडमध्ये रंगवलेलं यीस्ट खाऊ घातलं होतं. पळू नये म्हणून थेंबात कापसाचे चार तंतू. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर त्या चपलेच्या आकाराच्या पोटात लाल मणी गोल फिरतायत. बघता बघता त्यातला एक जांभळट झाला, मग निळा. आम्लात तो रंग निळा पडतो. मागचा मुलगा कॉलर ओढत होता, पण मी काही हललो नाही.

तर कुसळ. 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला मेचनिकॉफ या जीवशास्त्रज्ञानं ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. सकाळी बघतो तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. पुढे 1908 चं नोबेल त्याला मिळालं, एर्लिख या शास्त्रज्ञाबरोबर वाटून. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच, अमिबासारख्या सरपटत जातात, जीवाणूला मिठी मारतात, आत घेऊन पचवतात. लाकडाचं कुसळ मात्र त्यांच्या घासात मावणारं नाही. तरी येतात.

सुईनं पुटकुळी फोडली. थेंबभर पू आला. म्हणजे बहुतेक त्याच, जेवता जेवता मेलेल्या. कापसानं टिपून घेतल्या.

कुसळ अजून आतच आहे.