पवननगरचं घरगुती टेलिफोन एक्सचेंज

नाशिकच्या सिडकोतली घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. खाली मूळचं बसकं घर, आणि कुटुंब वाढेल तसा त्यावर एकेक मजला. आमच्याकडे तळमजल्यावर सासूबाई, मध्ये आम्ही, गच्चीवरच्या खोलीत मुलगा. खालून हाक मारली की वरच्याला मिक्सरमुळे ऐकू येत नाही, वरच्याने मारली की खालच्यांना कानामुळे. दीर आणि जाऊबाई दिंडोरीकडे मळ्यात. शेडमध्ये मोबाईलला रेंज यायची तर टाकीवर चढावं लागतं. गावातल्या केबलवाल्याने फायबर मात्र शेडपर्यंत आणून दिलंय.

आईंना आम्ही मोबाईल दिला होता. बोटं कोरडी, त्यामुळे स्क्रीन दाद देत नाही, आणि चुकून फोन लागलाच तर बोलता बोलता गाल लागून कट होतो. "उचलला की बोलता आलं पाहिजे, एवढंच," हे त्यांचं म्हणणं. मी अंबडला इलेक्ट्रिकल पॅनेल तपासण्याचं काम करते. एवढ्या एका वाक्याची मागणी आमचे गिऱ्हाईकही कधी करत नाहीत. माळ्यावर तांब्याच्या तारेच्या लँडलाईनच्या काळातला काळा, चकतीचा फोन पडून होता. लाईन कधीच परत केली होती, फोन टाकवला नव्हता. तोच चालू करायचा ठरवला, आणि सगळे मजले व मळा जोडणारं घरचंच एक्सचेंज करायचं.

घरच्या एक्सचेंजचं डोकं म्हणजे रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, त्यावर एस्टरिस्क हे सॉफ्टवेअर. १९९९ साली मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्सचेंज परवडेना, म्हणून त्याने हे स्वतःच लिहून काढलं. फुकट आहे आणि घरापुरतं काम त्याला किस झाड की पत्ती. करणाऱ्यांना एकच सांगते: जुन्या माहितीत फोनशी बोलणारा 'चॅन-सिप' हा भाग वापरायला सांगितलेलं असतं, तो एस्टरिस्कच्या आवृत्ती २१ पासून काढून टाकलाय. सुरुवातच त्याच्या जागी आलेल्या पीजेसिपने करा. प्रत्येक फोनला एक नंबर आणि एक लांबलचक पासवर्ड. आई १०१, आम्ही १०२, मुलगा १०३ (तो मोबाईलमधल्या लिनफोन ॲपवर), मळा १०५. आणि १०० फिरवला की सगळीकडे घंटी. पहिला जो उचलेल त्याला फोन, बाकीचे गप्प.

जुना फोन इंटरनेटला जोडायला एटीए नावाची डबी लागते. एका बाजूने नेटवर्कची केबल, दुसऱ्या बाजूने नेहमीची दोन तारांची टेलिफोन वायर. मी ग्रँडस्ट्रीमची एचटी ८०२ घेतली, तिला दोन फोन लागतात. घ्यायच्या आधी एकच गोष्ट बघितली: पल्स डायलिंग कळतं का. चकतीवर ५ फिरवला की परत येताना ती लाईन पाच वेळा तोडते, ० ला दहा वेळा, सेकंदाला साधारण दहा या वेगाने. बटणांच्या फोनचे सूरच ओळखणाऱ्या डबीला हे नुसतं खरखरणं वाटतं. सेटिंगमध्ये पल्सचे प्रकारही दिसले, साधा, स्वीडनचा आणि न्यूझीलंडचा. स्वीडनमध्ये ० ला एकच ठोका आणि न्यूझीलंडमध्ये १ ला नऊ, म्हणून. आपला साधा.

रविवारी सकाळी फोन लागला, आईंनी रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि खाली ठेवला. "हा आपला फोन नाही." मी म्हटलं, आई, तोच आहे, माळ्यावरचा. "असेल. आवाज आपला नाही."

त्यांचं बरोबर होतं. डबी अमेरिकन सवयीने चालत होती. तिकडचा डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झचा, सपाट आणि गोड. आपला ४०० हर्ट्झचा, २५ च्या लहरीवर थरथरणारा; आमच्या पिढीने तासन्‌तास ऐकलेली ती घरघर. घंटीही तशीच. तिकडे दोन सेकंद लांब वाजून चार सेकंद गप्प. आपल्याकडे ट्रिंग-ट्रिंग आणि मग दम: ०.४ सेकंद वाजायची, ०.२ थांबायची, पुन्हा ०.४, मग दोन सेकंद शांतता. एस्टरिस्कच्या टोनच्या फाईलमध्ये भारताचे हे आकडे तयार लिहिलेले आहेत. पण रिसीव्हर उचलल्यावरचा सूर डबी स्वतः वाजवते, म्हणून ते तिच्यात भरावे लागतात. तिला थरथर कळत नाही, दोन सूर तेवढे देता येतात. ३७५ आणि ४२५ एकत्र दिले की कानाला जवळपास तीच घरघर येते. मी भरले, सेव्ह केलं, डबी बंद-चालू केली. आईंनी पुन्हा उचलला. काही बोलल्या नाहीत, सरळ १०५ फिरवून जाऊबाईंना शेपूची भाजी पाठवायला सांगितली.

खरी कामाची सोय दुसरीच. डबीत एक सेटिंग आहे: रिसीव्हर उचलून चार सेकंदांत काही फिरवलं नाही तर फोन आपोआप ठरलेल्या नंबरला लागतो. आईंचा १०० ला लागतो. रात्री चष्मा सापडला नाही, चक्कर आली, तरी फक्त उचलायचं. वृद्ध माणसं घरात असतील तर बाकी सगळं सोडा, एवढं करा. गळ्यात घालायची बटणं विकत मिळतात, पण ती उशीखाली सापडतात. फोन जागच्या जागी असतो.

मळ्याचं प्रकरण थोडं किचकट. तिथल्या जोडणीला इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही. कंपनी अनेक गिऱ्हाइकांना एकाच पत्त्याआड ठेवते. अशा ठिकाणी हमखास होणारा प्रकार म्हणजे घंटी वाजते, उचललाही जातो, पण एका बाजूचा आवाजच येत नाही. कारण फोन जुळवणारं बोलणं एका वाटेने जातं आणि प्रत्यक्ष आवाज वेगळ्या वाटेने, आणि त्या दुसऱ्या वाटेला दिलेला पत्ता घरातला, बाहेरून न दिसणारा असतो. मी त्या फंदात पडलेच नाही. मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि घर व शेड दोन्ही राउटर वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या खाजगी बोगद्याने, त्याला जोडले. आता शेड म्हणजे घराचीच एक खोली. शिवाय फोन जुळवणीचं ५०६० हे पोर्ट, म्हणजे दार, बाहेर उघडं ठेवावं लागत नाही. ते उघडं दिसलं की जगभरातून पासवर्ड चाचपणारे लगेच दार ठोठावायला लागतात. आवाजाला फार वेग लागत नाही, जी-७११ या आवाजाच्या पद्धतीला कॉलमागे एका दिशेने साधारण शंभर केबीपीएस. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस शिंतडला की भाऊजी डावणी रोगाच्या काळजीने दिवसातून चारदा हवामान विचारतात, ते आता टाकीवर न चढता.

लाईट गेली की काय, हे सगळे विचारतात. जुनी लँडलाईन लाईट नसताना चालायची, कारण तिचं ४८ व्होल्ट एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांवरून यायचं. आता आपलं एक्सचेंज आपणच, तर बॅटरीही आपलीच. घरी फायबरचा डबा, राउटर, पाय आणि एटीए एका छोट्या यूपीएसवर आहेत. मळ्यात तेवढ्याने भागत नाही, तिथे लाईट पाळीने येते. म्हणून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि सोलर पॅनेल लावलंय. खर्च तिथेच झाला, फोनवर फारसा नाही.

गल्लीतल्या काकांना मात्र वेगळाच रस. "मग आता यावरून पुण्याला फुकट फोन?" नाही काका. सार्वजनिक टेलिफोनला जोडायचं तर परवाना असलेल्या कंपनीकडून रीतसर जोडणी घ्यावी लागते. सिमकार्डांच्या डब्या लावून घरातून कॉल फिरवणाऱ्यांना पोलिस पकडतात. आमचं घरातल्या घरात, मळा धरून. याच कारणाने या फोनवरून ११२ लागत नाही. ते आईंच्या फोनवर चिकटपट्टीने लिहून ठेवलंय आणि शेजारी एक साधा बटणांचा मोबाईल चार्जिंगला असतो. घाईच्या वेळी आईंनी नुसता रिसीव्हर उचलायचा, ११२ लावायचं काम आमचं.