खाड्याचं पान

महिन्याची वीस तारीख उलटली की माझ्या वहीत खाडे वाढायला लागतात. "काकू, आज खाडा धरा." "काकू, गावी चाललोय, दोन दिवस डबा नको." "काकू, मित्राचा वाढदिवस आहे." ज्या वेळचा डबा नको, त्याचे पैसे महिनाअखेरीला वजा होतात. गावी गेलेला मुलगा त्याच संध्याकाळी मला घणसोली स्टेशनबाहेर दिसतो. हातात एक वडापाव, त्यावर पाणी, झालं रात्रीचं जेवण.

मी कॉलेजच्या मुलामुलींना डबे देते. आमचे हे तुर्भ्याच्या दाणा मार्केटला माथाडी, पोती उचलणाऱ्या कामगारांच्या टोळीत आहेत. आम्ही मूळचे सातारकडचे, आता कायमचे घणसोलीकर. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, दिघा या पट्ट्यात चार-चार, पाच-पाच मुलं मिळून खोली घेतात आणि वाशी, नेरूळ, ठाण्याच्या कॉलेजांत शिकतात. कोणी मोखाड्याचं, कोणी जव्हारचं, कोणी बीड-परभणीकडचं. खोलीचं भाडं चुकवता येत नाही, रेल्वेचा पास चुकवता येत नाही, परीक्षा फी तर नाहीच नाही. राहतं काय, तर पोट. तेवढंच एक त्यांच्या हातात असतं, म्हणून काटछाट तिथेच होते.

मुली खाडा म्हणत नाहीत, उपवास म्हणतात. सोमवार, गुरुवार, शनिवार, मधेच चतुर्थी. उपवास म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, उलट कौतुक होतं. खरा उपवास धरणारी मुलगी साबुदाण्याचं, भगरीचं काहीतरी विचारते. जी काहीच विचारत नाही, तिच्याकडे मी बघत राहते.

दोन वर्षांपूर्वी मोखाड्याकडचा एक मुलगा माझ्याकडे डबा लावायला आला. एक टाइमचाच, रात्रीचा. माझा डबा चार कप्प्यांचा: चार चपात्या, सुकी भाजी, आमटी, भात. मुलांचे डबे परत येतात तेव्हा घासताना सगळं कळतं. दोडका असला की निम्मी भाजी तशीच, गवार असली की तीच गत. याचा डबा मात्र दोडक्याच्या दिवशीही असा यायचा की घासायला काही उरलेलंच नसायचं. आमटीच्या कप्प्याला भाताचं एक शीतसुद्धा नाही. एकदा डबा न्यायला त्याचा खोलीतला जोडीदार आला. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, भाजी कमी चालेल, चपात्या सहा द्याल का?" तेव्हा उलगडा झाला. डबा एकाच्या नावावर, जेवणारे दोघं. दुसऱ्या दिवसापासून मी सहा चपात्या आणि भात दाबून भरायला लागले. त्यांनी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही.

हा जोडीदार लग्नसराईत केटरिंगला जायचा. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत वाढप करायचं, रोख पैसे घ्यायचे आणि शेवटी पोटभर जेवण. त्याला पैशापेक्षा त्या जेवणाचं जास्त होतं. रात्रीचं जागरण, मग सकाळी सातचं कॉलेज. वर्गात डोळा लागला की सर म्हणणार, मुलांना शिकायचंच नाही.

"यांच्याकडे मोबाइल घ्यायला पैसे असतात, मग जेवायला का नाहीत?" हे मी अनेकदा ऐकलंय, अगदी आमच्या जवळच्या माणसांकडूनही. मला याचा राग येतो. शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाइलवर, ओटीपी मोबाइलवर, कॉलेजच्या नोट्स मोबाइलवर, रात्री पार्सल पोचवायचं काम मिळतं तेही मोबाइलवर. त्या मुलाचा मोबाइल गेला तर त्याचं शिक्षणही गेलं आणि कमाईही.

झेडपीच्या शाळेत असताना याच मुलांना दुपारी खिचडी मिळत होती. तो हक्क आठवीपर्यंत. नववीला ताट बंद, आणि बारावीनंतर घर सोडून इतक्या लांब आल्यावर तर विचारायलाच नको. जणू वयाच्या पंधराव्या वर्षी भूक लागायची थांबते.

योजना नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर यातून पैसे मिळतात. ठाणे, नवी मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरलेत. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. माझा दोन टाइमचा डबा महिन्याला ३,२०० रुपये, म्हणजे कॉलेजच्या दहा महिन्यांचे बरोबर ३२,०००. हिशेब बसतो. तेवढ्यात मुलगा नीट जेवू शकतो, हे डबे देणारी बाई म्हणून मी खात्रीने सांगते.

घोळ रकमेत नाही, तारखेत आहे. प्रवेश जून-जुलैत. मग अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, भाडेकरार, हजेरी, पडताळणी. माझ्याकडच्या एका मुलीचे पहिल्या वर्षाच्या जेवणाचे पैसे दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत खात्यात आले. तोपर्यंत ती काय खाणार होती? आले तेव्हा आधीची उसनवारी फेडण्यातच संपले, नव्या वर्षाच्या डब्याला पुन्हा हात रिकामे.

२०१८ साली सरकारने आदिवासी वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या बँक खात्यात टाकायचं ठरवलं. तेव्हा मुलं पुण्याहून नाशिकला पायी निघाली होती. पैसे नकोत, मेस द्या, अशी त्यांची मागणी होती. शहरातल्या पुष्कळांना ते विचित्र वाटलं असेल, रोख पैसे कोण नाकारतं! मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. ताट रोज वेळेवर समोर येतं. पैसा कधी येईल सांगता येत नाही, आणि आला की घरून फोन येतो, बाबांचं औषध आणायचंय. कुठला मुलगा नाही म्हणेल?

मी रयतच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले. आमच्याकडे कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट घरोघर माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. एकदा घरात दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र देऊन धान्य आणलं. कर्मवीरांच्या नावाचं कॉलेज इथे वाशीतच आहे, तिकडून जाताना मला दर वेळी त्या आठवतात. त्या माउलीने केलं ते केलं. पण आज शंभर वर्षांनी कुठल्याच बाईवर ती वेळ येऊ नये, आणि कुठल्याच मुलाचं जेवण एखाद्या बाईच्या चांगुलपणावर टांगलेलं नसावं.

तरीही तोवर काहीतरी करायलाच हवं होतं. माझ्याकडे बऱ्या घरची मुलंही आहेत. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला, नाशिकला घरी जातात, सोमवारी येतात. त्यांचे खाडे हक्काचे. मी त्यांना एकेकट्याला विचारलं, "तुझा खाडा वजा न करता दुसऱ्या कुणाला जेवायला घातला तर चालेल?" एकानेही नाही म्हटलं नाही. वहीत शेवटी एक पान केलं. वर कुणाचंही नाव नाही, नुसते आकडे: आज दोन डबे जमा, आज एक खर्च. खर्च कुणावर होतो, ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. वीस तारखेनंतर एखाद्याने खाडा सांगितला आणि मला खरं कारण दिसलं, की मी म्हणते, "अरे, भाजी चिरून झाली, डबा भरून ठेवलाय, घेऊन जा. खाडा आदल्या दिवशी सांगायचा असतो." नियम माझा आहे, म्हणून त्याला ते उपकार वाटत नाहीत. रागावल्यासारखं बोललं की आणखी बरं.

जी मुलं खोलीत कुकर लावू शकतात, त्यांना मी नुसतं कालवण आणि भाजी देते, त्याचे निम्म्याहून कमी पैसे. भाताची सोय रेशनवर होते. हे फार मुलांना माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. गावच्या प्राधान्य कुटुंबाच्या रेशन कार्डात तुमचं नाव आणि आधार नंबर जोडलेला असेल, तर 'एक देश, एक रेशन कार्ड'मध्ये तुमच्या वाट्याचं महिन्याचं ५ किलो धान्य तुम्ही इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून घेऊ शकता. घरच्यांचा बाकीचा वाटा त्यांना गावात मिळतो. कार्ड हलवायला लागत नाही. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. एखादा दुकानदार "इथलं कार्ड आण" म्हणाला तर मुकाट्याने परत येऊ नका, कार्डाचा बारा अंकी नंबर सांगा आणि मशीनवर बघायला लावा.

शिवभोजन थाळीचाही आधार आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. सकाळच्या कॉलेजवाल्यांना दुपारी सोयीची पडते. रात्रीचा प्रश्न मात्र उरतोच, आणि रविवारी रात्री तर बहुतेक मेस बंद. म्हणून रविवारी रात्री मी आता मोठ्या पातेल्यात खिचडी टाकते. येईल त्याने ताट घ्यावं, त्याची वहीत नोंद नाही.

कॉलेजांकडून मला पैसे नकोत, एक कागद हवाय. ज्या मुलाचा स्वाधारचा, स्वयंमचा किंवा आधार योजनेचा अर्ज भरून झालाय, त्याच्यासाठी कॉलेजने मेसवालीला हमीचं पत्र द्यावं: याचा डबा सुरू ठेवा, योजनेचे पैसे आले की हा देईल, मधेच शिक्षण सोडलं तर कॉलेज बघेल. मला किराणावाला महिनाभर उधार देतो, कारण त्याला माझी खात्री आहे. मी दोन-तीन महिने थांबू शकते. वर्षभर, दहा मुलांसाठी, नुसत्या शब्दावर थांबणं माझ्या ऐपतीबाहेरचं आहे. आणि मुलाने माझ्यापुढे हात जोडून उभं राहावं, हेही मला नको. पत्र असलं की तो बाकीच्यांसारखाच डबा उचलेल.

घणसोली-कोपरखैरणेतल्या आम्ही डबे देणाऱ्या काही जणींनी असा अर्ज तयार केलाय. ऐरोली, दिघा, कळव्याकडच्या कुणी मेस चालवत असाल तर येत्या रविवारी संध्याकाळी माझ्याकडे या, सोबत आपापल्या मुलांच्या कॉलेजांची यादी आणा. नवे प्रवेश सुरू होण्याआधी हा अर्ज प्रत्येक प्राचार्यांच्या हातात द्यायचा आहे.