फुंकर मारू नका

डेंग्यूचे दिवस होते. रात्री दोन वाजता एक काका आमच्या रक्तपेढीच्या खिडकीशी आले, मुलीसाठी चार पिशव्या प्लेटलेट्सचा फॉर्म घेऊन. मी अ‍ॅजिटेटरमधून, म्हणजे पिशव्या सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रातून, पिशव्या काढल्या आणि सवयीने एकेक ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच दाबली. चांगल्या प्लेटलेट्स चपट्या, तबकडीसारख्या असतात. पिशवी हलवली की आत पैठणीच्या पदरासारखी धूपछाव फिरते. आम्ही त्याला स्वर्लिंग म्हणतो. तीन पिशव्यांत ते दिसलं, चौथीत नुसतं पिवळसर पाणी.

ती मी बाजूला ठेवली. काका चिडले, "ताई, आहे ना समोर, मग का नाही देत?" साठ्यातली दुसरी काढून दिली, पण त्यांचा राग काही गेला नाही. समजावणार तरी काय? जंतू पिशवीतली साखर खातात, आम्ल वाढतं, तबकड्या गोल होतात आणि ती चमक जाते. रात्री दोनला हे कोण ऐकून घेणार!

लाल पेशी 2 ते 6 अंशांवर राहतात, प्लाझ्मा तर गोठवलेलाच. प्लेटलेट्सना मात्र 20 ते 24 अंश लागतात, तेही सतत हलवत, पाच दिवस. इडलीचं पीठ आंबायला जी ऊब लागते, जवळजवळ तीच. दात्याच्या कातडीवरून स्टॅफिलोकोकससारखा एखादा जंतू आत गेला, तर त्याची चैनच.

आपल्याकडे प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी सक्तीची आहे. जंतूंचं कल्चर, म्हणजे जंतू वाढतात का ते बघणं, मात्र नमुन्यादाखल काही पिशव्यांचंच होतं. इंग्लंडमध्ये 2011 पासून प्लेटलेट्सची प्रत्येक पिशवी तपासतात. रक्त घेतल्यावर 36 तास थांबायचं, मग पिशवीतलं 8-8 मिली दोन बाटल्यांत घालायचं, एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी हवेविना वाढणाऱ्यांसाठी. जंतू वाढला की कार्बन डायऑक्साइडने बाटलीच्या तळाचा रंग बदलतो आणि मशीन ओरडतं. मला हे फार आवडतं. पण आमची साधी आरडीपीची, म्हणजे एकाच दात्याच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सची, पिशवीच 50-60 मिलीची. त्यातले 16 मिली बाटल्यांना दिले तर पेशंटला काय देऊ? आणि डेंग्यूत आदल्या दिवशीची पिशवी दुसऱ्या दिवशी संपलेली असते, 36 तास कुठून आणायचे?

त्या चौथ्या पिशवीचं कल्चर लावलं. सात दिवसांनी रिपोर्ट आला: काही वाढलं नाही. पिशवी नुसती गार पडली तरी चमक जाते, तसलंच काही झालं असेल. उलट चमक शाबूत असूनही आत जंतू असू शकतात. म्हणजे माझ्या ट्यूबलाइटवर किती भरवसा ठेवायचा, ते बघा.

म्हणून माझी सगळी कटकट आधी, रक्तदान शिबिरात. गणपतीच्या मंडपात ढोल वाजत असतात आणि मी दात्याला विचारते, जुलाब झाले होते का, दात काढलाय का. दात काढलेला हमखास लपवतात. हात जंतुनाशकाने अर्धा मिनिट घासायचा, मग तसाच वाळू द्यायचा. इथे नव्वद टक्के लोक चटकन वाळावा म्हणून फुंकर मारतात! मग पुन्हा पहिल्यापासून घासायचं. सुई टोचताना कातडीचा बारीक तुकडा आत जाऊ शकतो, म्हणून पहिलं 30 मिलीच्या आसपास रक्त बाजूच्या छोट्या पाऊचमध्ये वळवायचं. तपासणीच्या नळ्या त्यातूनच भरायच्या. असल्या पिशव्या महाग पडतात, म्हणून त्यांच्यासाठी दरवर्षी अकाउंट्सशी माझं भांडण ठरलेलं.

परवा एक जुने दाते आले, सत्तेचाळिसावं रक्तदान. कोपराच्या लवणीत सुयांनी खड्डा पडलेला, तो अभिमानाने दाखवत होते. अशा खड्ड्यात जंतू दडून बसतात, कितीही घासा. मी म्हटलं, "दादा, आज डावा हात द्या."

"डाव्या हाताने दान करत नाहीत, ताई," ते म्हणाले. शेवटी बाही वर केली. मी घासलं, आणि मान वळवते तोवर त्यांनी फुंकर मारली.